उपकारस्तुतीचा रविवार

माझ्या माहेरी जेवणाआधीची प्रार्थना इतकी लांबायची की ताटातली भाकरी गार होऊन जाई. वडील पाऊसपाण्यापासून सुरुवात करायचे आणि शेवटी कुठल्या कुठल्या आजारी माणसांपर्यंत पोचायचे. लग्न होऊन मी कोल्हापूरला मंगळवार पेठेत आले. पहिल्याच दिवशी यजमान ताटावर बसले, "बापा, आभार, आमेन" एवढं एका दमात म्हणाले आणि कांद्यावर बुक्की मारली. माझे डोळे अजून मिटलेलेच.

"झालं की," ते म्हणाले. "जेव आता. त्याला सगळं ठाव हाय. घोळत कशाला बसायचं?"

पुढची एकोणतीस वर्षं रोज दोनदा तेच तीन शब्द ऐकले. मुलगी लहान असताना त्यांची नक्कल करायची. मी रागवायचे, मग हसायचे.

ते एका फौंड्रीत मोल्डिंगला होते. यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय लागलेली, घरीही ओरडूनच बोलायचे. आमच्याकडे आज कसली भाजी आहे ते खालच्या मजल्यावर अक्कांना कळायचं. अक्का म्हणजे आमच्या खाली राहणाऱ्या लिंगायत घरातल्या विधवा बाई. माहेर सीमेकडचं, त्यामुळे बोलता बोलता मध्येच कानडीत घुसायच्या. मी शाळेत शिकवते म्हणून मला 'बाई' म्हणायच्या आणि यांना 'अण्णा'. अण्णांशी त्यांची रोज एक तरी वादावादी व्हायची, पाण्याच्या मोटरवरून नाहीतर जिन्यातल्या चपलांवरून. दोघांनाही त्याशिवाय करमायचं नाही.

त्या दिवशी ते पहिली पाळी करून आले. दुपारी जेवायला बसले, नेहमीचे तीन शब्द म्हणाले आणि भाकरी मोडायला हात घातला. भाकरी मोडेना. ते हाताकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले, पण ते शब्द नव्हते, तोंडात घास असल्यासारखा नुसता आवाज होता. मला वाटलं चेष्टा करताहेत. मी म्हटलं, "पुरे आता, जेवा." ते उजव्या बाजूला कलले आणि भिंतीला टेकून थांबले. तेव्हा मी किंचाळले.

अक्का धावत वर आल्या. एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "बाई, रडत नको बसू. रिक्षा बोलाव. मी धरते." दोघा-तिघांनी त्यांना जिन्यावरून खाली आणलं. राजारामपुरीतल्या हॉस्पिटलपर्यंत अक्कांनी त्यांचं डोकं मांडीवर धरलं होतं.

मेंदूत डाव्या बाजूला रक्तस्राव झाला होता. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण बाकीचं सांगता येत नाही. चार दिवस ते नुसते बघत होते. पाचव्या दिवशी नर्स रक्त काढायला आली. सुई टोचली तसं त्यांनी तोंड उघडलं आणि स्पष्ट, खणखणीत म्हणाले, "आभार."

नर्स हसली. मी खुर्चीतून उठले, त्यांच्या पायांना हात लावला आणि रडले. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलीला फोन केला, "पप्पा बोलले!" तिने विचारलं, काय बोलले? मी सांगितलं. दोघी फोनवर रडलो.

आम्हाला वाटलं ही सुरुवात आहे. पण ती सुरुवात नव्हती. त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं.

पाणी पाहिजे, तर "आभार." कूस बदलायची आहे, तर "आभार." पाठीला जखम झाली आणि ती धुताना ते गुरासारखे ओरडायचे, तेही "आभार, आभार." स्पीच थेरपिस्ट मुलगी होती, समजूतदार. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की मनात येईल ते नव्याने बोलणं वेगळं आणि वर्षानुवर्षं रोज म्हटलेलं आपोआप तोंडातून येणं वेगळं. पहिलं गेलं, दुसऱ्यातला एक तुकडा राहिला. "त्यांना सगळं समजतं, मॅडम," ती म्हणाली. "आपण चुकीचा शब्द बोलतोय हेही समजतं."

ते मला आधीच कळलं होतं. काहीतरी सांगायला तोंड उघडायचे, 'आभार' बाहेर पडायचा आणि ते डाव्या हाताने स्वतःच्या तोंडावर मारून घ्यायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हात धरला. नंतर नंतर धरायचं सोडून दिलं. मी शाळेतल्यासारखा चित्रांचा तक्ता केला, पाण्याचा तांब्या, पंखा, जेवणाचं ताट. त्यांनी तो डाव्या हाताने भिरकावला. पहिलीच्या पोरांसारखं चित्रावर बोट ठेवणं त्यांना सहन झालं नाही. मग मीच सूर ओळखायला शिकले. आखूड आणि वर चढलेला म्हणजे पाणी. ओढलेला म्हणजे कूस. दातातून आलेला म्हणजे माझ्यावर राग. आणि एक अगदी हळू, घशातला, तो कशाचा ते मी विचारत नसे. उशी ओली झालेली दिसायची.

लघवी अडत होती म्हणून नळी कायमची ठेवली. कॅथेटर, पलंगाच्या कडेला पिशवी. पिशवी कमरेच्या खाली पाहिजे, नळीला कुठे मुरड पडता कामा नये, हे नर्सने मला दोनदा करून दाखवलं. ते मला पक्कं पाठ होतं. हे मुद्दाम लिहिते आहे.

त्यांना घरी आणल्यावर मी सकाळी शाळेत जायचे. तेवढा वेळ अक्का यायच्या. साठीच्या पुढच्या बाई, पण हात शेतात राबलेले. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायच्या, अंग पुसायच्या आणि वर शिव्याही द्यायच्या. "अण्णा, जरा जोर लाव की रे. मी काय क्रेन हाय?" त्यावर ते डाव्या बाजूने हसायचे. माझ्यासमोर ते हसत नसत.

आमच्या चर्चमधल्या लोकांना आम्ही 'मंडळी' म्हणतो. मंडळीतल्या बायका दर गुरुवारी प्रार्थनेला यायच्या. एक गीत, एक शास्त्रपाठ, प्रार्थना, चहा. पहिल्यांदा त्यांनी यांचा शब्द ऐकला तेव्हा एक जण पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "बघा! सगळं गेलं, पण देवानं त्यांच्या मुखात आभार ठेवले." सगळ्या हेलावल्या. यांनी मान भिंतीकडे वळवली होती.

मी त्या बाईला म्हणू शकले असते, ताई, ते पाणी मागताहेत. नाही म्हटलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आजारपण आल्यापासून सगळे माझ्याकडे कीव करून बघत होते. आता पहिल्यांदाच आमच्या घराकडे कुणीतरी आदराने बघत होतं. पुढे मीच नातेवाइकांना फोनवर तसं सांगायला लागले. सांगता सांगता माझाही त्यावर थोडा विश्वास बसला. ज्याने धडधाकट असताना देवाला तीन शब्दांवर कधी चौथा दिला नाही, तो आता दिवसभर आभार मानतो आहे. यात काहीतरी अर्थ असेल, असा अर्थ मला पाहिजे होता.

अक्का एकदा ऐकून म्हणाल्या, "कसले आभार? बोंबलतोय तो."

"अक्का, तुम्हाला नाही कळायचं ते," मी म्हटलं. हे मी त्यांना, माझ्या नवऱ्याचं रोज धुणाऱ्या बाईला, म्हटलं.

हंगाम घरी आला की आमच्याकडे उपकारस्तुतीचा रविवार असतो. गावाकडून आलेली माणसं भाताच्या पेंढ्या, गूळ, भोपळे, केळीचे घड वेदीपुढे आणून ठेवतात, दाराला ऊस बांधतात, आणि वर्षभरात देवाने काय केलं ते एकेक जण उभं राहून सांगतो. त्याला साक्ष म्हणतात. त्या रविवारच्या आधी आमचे पाळक, म्हणजे चर्चचे पास्टर, घरी आले. तरुण, नुकतेच बदलून आलेले, मनाने चांगले. दारातून आत आले आणि पलंगापासून चार हातांवर खुर्ची ओढून बसले. खोलीला वास यायचा, मला माहीत होतं.

"काकू, या रविवारी काकांना आणता येईल का?" ते म्हणाले. "काही बोलायला नको. त्यांचा तो एक शब्दच मंडळीला पुष्कळ आहे." मग यांच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "काका, याल ना?"

"आभार," हे म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

"येतील," मी म्हटलं.

पाळक गेल्यावर अक्का कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, "त्यानं मान फिरवली की बाई."

"दमलेत ते."

"दमला न्हाय. त्याला जायाचं न्हाय."

मी रविवारसाठी त्यांचा पांढरा शर्ट शोधायला लागले.

रविवारी मुलगी पुण्याहून आली. आम्ही त्यांची दाढी केली, पांढरा शर्ट घातला, केस विंचरले. मंडळीतल्या चार जणांनी त्यांना खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं आणि चर्चच्या पायऱ्या चढवल्या. लघवीची पिशवी खुर्चीच्या बाजूला लटकत होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होती. मला लाज वाटली. मी ती आत सरकवली आणि गुडघ्यांवरून खालपर्यंत शाल पांघरली. शाल नीट दिसते की नाही ते बघितलं. नळी बघितली नाही.

उपासना लांबली. गीतं, अर्पणं, मग साक्षी. एकाच्या मुलाला नोकरी लागली होती, एकीची शस्त्रक्रिया नीट झाली होती. अर्ध्या तासाने हे चुळबुळ करायला लागले. मी वाकून कानात म्हटलं, "थोडंच राहिलंय." त्यांनी डाव्या हाताने माझा दंड धरला. मी हळूच सोडवला, लोक बघत होते.

पाळक माईक घेऊन आमच्यापाशी आले. त्यांनी मंडळीला थोडक्यात सगळं सांगितलं, सांगताना त्यांचाच आवाज भरून आला. मग माईक यांच्या तोंडाजवळ धरला.

"आभार," हे म्हणाले.

चर्चभर "आमेन" झालं.

"आभार! आभार!" त्यांचा आवाज चढला, फौंड्रीतला जुना आवाज. कपाळावर घाम डबडबला होता. डावा हात शालीवर पोटाशी आपटत होते. मला वाटलं छातीवर हात मारताहेत, भरून आल्यावर माणूस मारतो तसा. बायका रडत होत्या. मागून कुणीतरी गीत सुरू केलं आणि सगळे उभे राहिले. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बघितलं. सरळ, डोळे ताणून.

मी त्यांच्याकडे बघून हसले.

वर्षभर मी त्यांचा एकेक सूर ओळखत होते. तो सूर मी याआधी कधी ऐकला नव्हता, आणि नवा आहे हे तेव्हाही मला जाणवलं होतं. तरी मी हसले.

बाहेर पटांगणात आल्यावर मुलीने शाल काढली. "आई, पिशवी कोरडी आहे," ती म्हणाली. नळी खुर्चीच्या दांडीत आणि मांडीत सापडून चेपली होती. मी पोटाला हात लावला, दगडासारखं लागलं. मुलीने नळी मोकळी केली तशी आधी थोडी आणि मग भराभर लघवी आली, लालसर. ते डोळे मिटून बसले. लोक भेटायला येत होते, त्यांचा डावा हात हातात घेऊन, मंडळीत भेटल्यावर म्हणतात तसं "सलाम काका, सलाम" म्हणत होते. आत पंगती बसल्या होत्या. आम्ही जेवलो नाही.

संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. सकाळी हॉस्पिटल. संसर्ग रक्तात गेला होता. मी डॉक्टरांना नळीचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते म्हणाले, "तेवढ्यानंच झालं असं म्हणता येणार नाही. संसर्ग आधीपासून असेल. नळी असलेल्या पेशंटला होतो." चांगले होते म्हणून तसं म्हणाले की खरंच तसं होतं, मला माहीत नाही. दोन्ही बाजूंनी विचार करून झाला आहे.

तिसऱ्या दिवशी त्यांना ऑक्सिजनचा मास्क लावला. मी जवळ बसून म्हटलं, "अहो, तुम्ही ओरडत होता आणि मी हसले. मला माफ करा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मास्कच्या आत ओठ हलले. शब्द कोणता असणार, त्यांच्याकडे एकच होता. पण आवाज बाहेर आला नाही, आणि मला जे काही कळायचं ते सुरावरूनच कळायचं. ते काय म्हणाले ते मला कळलं नाही, आता कळणारही नाही. त्यानंतर घशात नळी घातली. अकराव्या दिवशी दुपारी ते गेले.

दफनविधीच्या आधी पाळकांनी मला विचारलं, "काकांच्या त्या शब्दाविषयी बोलू का?" मी नको म्हटलं. ते बोलले नाहीत. पण मंडळीचे एक ज्येष्ठ वडील, चर्चचा कारभार बघणाऱ्यांना आम्ही वडील म्हणतो, श्रद्धांजली द्यायला उभे राहिले आणि म्हणाले की शेवटच्या श्वासापर्यंत या भावाच्या ओठांवर आभार होते. लोकांनी माना हलवल्या. मुलीने माझा हात घट्ट धरला. माती टाकताना अक्का सगळ्यांच्या मागे, भिंतीशी उभ्या होत्या. त्या पहिल्यांदाच आमच्या स्मशानभूमीत आल्या होत्या, काय करायचं त्यांना माहीत नव्हतं. लोक पांगल्यावर पुढे आल्या, दोन्ही हातांनी माती घेतली आणि टाकली.

मी चर्चला जाणं सोडलं नाही. कुठे जाणार? पण आभाराची प्रार्थना सुरू झाली की माझे ओठ हलत नसत. देवावर राग होता असंही नाही. राग असता तर बरं झालं असतं. रागाला समोर कुणीतरी लागतं, आणि इथे समोर मीच होते.

पुढच्या वर्षी तोच रविवार आला. साक्षी सुरू झाल्या. मी काही ठरवून गेले नव्हते. उठले, पुढे गेले, माईक घेतला.

"मागच्या वर्षी माझे यजमान इथे बसले होते," मी म्हटलं. "तुम्ही सगळ्यांनी त्यांना ऐकलं. ते आभार मानत नव्हते. त्यांची नळी चेपली होती. ते ओरडत होते. त्यांना दुसरा शब्द येत नव्हता. मला माहीत असायला पाहिजे होतं, आणि त्यांना इथे यायचंच नव्हतं, तेही मला माहीत होतं."

कुणी आमेन म्हटलं नाही. पंख्याचा आवाज येत होता. पाळकांनी दोन्ही हात समोरच्या लाकडावर टेकले होते आणि मान खाली होती. मी जागेवर येऊन बसले. थोड्या वेळाने पेटीवाल्याने पुढचं गीत सुरू केलं, कारण कागदावर तेच लिहिलेलं होतं.

उपासना संपल्यावर ते ज्येष्ठ वडील मला म्हणाले, "हे बोलायची ही जागा नव्हे, बाई." गुरुवारी येणाऱ्यांतली एक जण तशीच निघून गेली. तिने माझ्याशी बोलणं अजून सुरू केलेलं नाही.

मंगळवारी पाळक घरी आले. रिकाम्या पलंगासमोर बसले. म्हणाले, "काकू, मी काय करायला पाहिजे होतं?"

"जवळ यायला पाहिजे होतं," मी म्हटलं. "चार हातांवरनं बघून तुम्हाला काय दिसणार?" आणि लगेच म्हटलं, "मी तर एका हातावर होते. तुम्हाला काय बोलू?"

त्यांनी प्रार्थना करू का विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले, पण बराच वेळ काहीच बोलले नाहीत, आणि मग उठले. ती प्रार्थना मला आवडली.

अक्कांशी मात्र मी काही बोलले नव्हते. यांच्या आजारपणात मी देवाचे आभार किती वेळा मानले याला गणती नाही, खोटे आणि खरे. पण जी बाई जिना चढून रोज माझ्या नवऱ्याची जखम धुवायची, तिला मी एकदाही काही म्हटलं नव्हतं. उलट, तुम्हाला नाही कळायचं, असं म्हटलं होतं. एक दिवस शाळेतून येताना त्यांच्या दारात थांबले. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

"अक्का, तुम्ही बरोबर होता. त्यांना जायचं नव्हतं."

त्यांनी मान वर केली नाही. "व्हय," म्हणाल्या.

"तुम्ही एवढं केलंत आणि मी..."

"गप बस की," त्या म्हणाल्या. "त्यो माझ्याशी भांडायचा. आता कोण हाय भांडायला?" मग ताट माझ्याकडे सरकवलं. मी खाली बसले आणि शेंगा फोडायला लागले.

यंदा त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. मुलगा लांब, सून नोकरीला. सकाळी शाळेत जायच्या आधी मी खाली जाते, त्यांना धरून न्हाणीत नेते, पाटावर बसवते. त्या कुरकुरत असतात. मी त्यांच्यासाठी प्रार्थना करते का, असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. अंघोळ घालते.

काल तांब्या अंगावर ओतला तशा त्या ओरडल्या, "अगं, सोलून काढतेस व्हय? कढत हाय की पाणी!"

मी थांबले. बादलीत गार पाणी ओतलं आणि हात घालून बघितलं.